फलत्याग कोणी करावा?

केंद्र सरकारच्या कचेरीत ज्यांनी दहा-बारा वर्षे काढली आहेत, त्यांना टिपण लिहिणारा आणि सही करणारा यांतील अंतर समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. टिपण खालून वर जाते. वर जाताना प्रत्येक मेजावर त्यातील एखादा शब्द गळतो, एखादा वाढतो, आणि अखेर जे परिपत्रक निघते त्याखाली एकच नाव असते. ही व्यवस्था मुळात वाईट आहे असे मी म्हणत नाही. जबाबदारी कोणातरी एकाची असावी म्हणून ती आहे. परंतु जबाबदारीची सही आणि कर्तृत्वाची सही या दोन निराळ्या गोष्टी असून कालांतराने पहिलीच दुसरी म्हणून ओळखली जाऊ लागते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी, दिल्लीत असोत वा कोलकात्यात, घेतलाच असेल.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. पदवी इतिहासाची आणि उपजीविका नियमावलीची, अशा माणसाने भ्रूणशास्त्राविषयी लिहावे यातील धारिष्ट मला ठाऊक आहे. परंतु गेल्या पावसाळ्यात इटालियन शास्त्रज्ञ रीटा लेव्ही-माँटाल्चिनी यांचे आत्मचरित्र इंग्रजी भाषांतरात वाचावयास मिळाले आणि त्यापाठोपाठ त्यांच्या संशोधनाविषयी जे जे हाती आले ते वाचीत गेलो. वाचता वाचता एका ठिकाणी जो अडलो, तो अजून तेथेच आहे. १९८६ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक रीटाबाई आणि स्टॅन्ली कोहेन या दोघांना मिळाले. नियमाप्रमाणे हे पारितोषिक जास्तीत जास्त तिघांत विभागता येते. म्हणजे तिसरी जागा रिकामी होती. आणि ज्यांच्या १९३४ सालच्या निबंधातून हे सारे संशोधन उगवले, ज्यांच्या प्रयोगशाळेत ते वाढले, ते व्हिक्टर हॅम्बर्गर त्या वेळी शहाऐंशी वर्षांचे, चांगले हयात होते.

हॅम्बर्गर हे जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील हान्स श्पेमान यांचे शिष्य. १९३२ साली ते शिष्यवृत्तीवर शिकागोला गेले. ते तेथे असतानाच, १९३३ साली, हिटलरच्या राजवटीने सरकारी सेवकांसंबंधी नवा कायदा केला आणि ज्यू म्हणून त्यांची फ्रायबुर्गमधील जागा गेली. (सेवानियम कोणत्या कामी लावता येतात याचा विचार आपण नियमावली हाताळणाऱ्यांनी अधूनमधून करावा.) परतीचे दार बंद झालेल्या या तरुणाने शिकागोत कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणावर एक साधा दिसणारा प्रयोग केला. पंख फुटण्यापूर्वी भ्रूणाच्या अंगावर जो बारीकसा अंकुर असतो, तो त्याने एका बाजूचा खुडून टाकला, आणि काही दिवसांनी मेरुरज्जूत काय झाले ते पाहिले. त्या पंखाकडे जावयाच्या चेतापेशी त्या बाजूस फार थोड्या उरल्या होत्या. चेतापेशी किती असाव्यात हे केवळ मेरुरज्जूच्या आत ठरत नाही. ज्या अवयवापर्यंत त्यांना पोचावयाचे आहे तो अवयवही त्यात हात घालतो, असा याचा अर्थ. हॅम्बर्गरांनी अनुमान केले की, अवयवाकडून काही संदेश येतो आणि त्यामुळे कोवळ्या पेशींना चेतापेशींचे रूप येते. अवयवच नसेल तर ते रूपच येत नाही.

हा निबंध रीटाबाईंनी १९४० च्या उन्हाळ्यात, युद्धकाळात, गुरांच्या वाहतुकीच्या डब्यातून प्रवास करताना वाचला. त्या १९३६ साली तूरीन विद्यापीठातून वैद्यकाच्या पदवीधर झाल्या होत्या. मुलींनी विद्यापीठात जाऊ नये असे वडिलांचे मत होते. ते त्यांनी महाप्रयासाने वळविले. पुढे १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनी त्यांनाही विद्यापीठाबाहेर काढले. मग त्यांनी आपल्या निजण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रे केली, घड्याळजीचा चिमटा मिळविला, आणि हॅम्बर्गरांचाच प्रयोग पुन्हा करून पाहावयास आरंभ केला. तूरीनवर बाँब पडू लागल्यावर कुटुंब अस्ती गावाजवळच्या टेकड्यांवर राहावयास गेले, तेव्हा त्या सायकलवरून शेतकऱ्यांकडे हिंडत आणि ‘माझ्या बाळांसाठी’ म्हणून फलित अंडी मागून आणीत. प्रयोग झाल्यावर अंड्याचा उरलेला भाग घरच्या स्वयंपाकात जाई. त्यांचे गुरू जुझेप्पे लेव्ही (आडनाव एक असले तरी नाते नाही) यांनाही याच कायद्याने नोकरीवरून काढले होते. ते आता शिष्येच्या निजण्याच्या खोलीत मदतनीस म्हणून काम करू लागले. गुरुशिष्यसंबंधाच्या कथा आपल्याकडे थोड्या नाहीत; परंतु गुरूने शिष्येच्या घरी येऊन तिच्या हाताखाली सुई धरावी, ही त्यांतील एक वेगळीच म्हणावी लागेल.

या खोलीत जे दिसले ते हॅम्बर्गरांच्या अनुमानाशी जुळेना. अवयव खुडला तरी चेतापेशींना त्यांचे रूप येत होते, त्या वाढीस लागत होत्या, अवयवाच्या दिशेने निघतही होत्या; आणि मग मरत होत्या. संदेशाचा अभाव हा जन्माच्या आड येत नव्हता, तो जगण्याच्या आड येत होता. इटलीतील नियतकालिकांची दारे ज्यू लेखकांना बंद असल्यामुळे गुरुशिष्यांचा हा निबंध १९४२ साली बेल्जियममध्ये प्रसिद्ध झाला.

युद्ध संपल्यावर तो हॅम्बर्गरांच्या वाचनात आला. तोपर्यंत ते अमेरिकेतील सेंट लुईस येथे वॉशिंग्टन विद्यापीठात प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले होते. आपले अनुमान चुकले आहे असे सांगणारा एका अपरिचित स्त्रीचा निबंध, युद्धात मोडून पडलेल्या देशातून आलेला. अशा वेळी प्रस्थापित माणसे काय करतात हे आपण जाणतो. फार तर सौजन्याचे एक पत्र जाते. पुष्कळदा तेही जात नाही. हॅम्बर्गरांनी त्यांना आपल्याकडे बोलावले. १९४७ साली रीटाबाई सेंट लुईसला गेल्या त्या एका सत्रापुरत्या. राहिल्या तीस वर्षे. दोघांनी मिळून प्रयोग नव्याने केले, पेशी मरताना स्वतः पाहिल्या, आणि १९४९ साली संयुक्त निबंधात रीटाबाईंचा अर्थ खरा ठरला. माझ्या मते हॅम्बर्गरांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य १९३४ चे नव्हे, हे आहे. स्वतःच्या टिपणावर दुसऱ्याने मारलेली काट मान्य करून त्यालाच शेजारी खुर्ची देणारा अधिकारी मी अद्याप पाहिलेला नाही. मी स्वतः तसा वागेन अशी खात्रीही देत नाही.

या ठिकाणी एक उपमा मनात येते आणि ती मोहक आहे म्हणूनच तिच्यापासून जपले पाहिजे. चेतापेशी ज्याच्याकडे निघते त्याच्याकडून काही मिळाले तरच जगते. तेव्हा माणसाचे कर्तृत्वही असेच परक्याच्या दानावर जगते, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पेशीला ऋण कळत नाही, आणि ते नाकारण्याचे स्वातंत्र्यही तिला नाही. आपल्याला दोन्ही आहेत. तेव्हा उपमा सोडून हकिकतीकडे वळतो.

हॅम्बर्गरांचा एल्मर ब्यूकर नावाचा एक जुना विद्यार्थी होता. पायाच्या जागी वेगाने वाढणारी दुसरीच एखादी पेशीसंहती लावली तर काय होईल, या कुतूहलाने त्याने उंदराच्या अंगातील सार्कोमा जातीची गाठ कोंबडीच्या भ्रूणावर लावली. चेतातंतू त्या गाठीत शिरले. १९४८ साली त्याने हे प्रसिद्ध केले. रीटाबाई आणि हॅम्बर्गर यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा रीटाबाईंच्या ध्यानात आले की, हा प्रकार काही निराळाच आहे: तंतू बेसुमार वाढत होते, भलत्या अवयवांत शिरत होते, रक्तवाहिन्यांतही घुसत होते. गाठीतून कसला तरी द्रव पाझरत असावा, असा तर्क त्यांनी केला. तो पडताळण्यासाठी १९५२ साली त्या गाठी असलेले दोन उंदीर सोबत घेऊन विमानाने रिओ दि जानेरोला गेल्या. तेथे हेर्टा मायर या त्यांच्या परिचित बाई पेशी काचेत वाढविण्याच्या कामात निष्णात होत्या. काचेवर गाठीचा कण ठेवला, शेजारी चेतापेशींचा पुंजका ठेवला. एका दिवसात त्या पुंजक्याभोवती तंतूंचे दाट वलय फुटले, देवाच्या तसबिरीत मस्तकामागे प्रभावळ असते तसे. ही बातमी रीटाबाईंनी शाईने आकृत्या काढून पत्रांतून कळविली. पत्रे कोणाला, तर हॅम्बर्गरांना. माणसाला मोठा आनंद झाला म्हणजे तो प्रथम कोणाला पत्र लिहितो, हाही एक प्रकारचा पुरावाच असतो. परंतु कोणत्याही समितीपुढे तो मांडता येत नाही.

पुढची गोष्ट रसायनशास्त्राची आहे आणि ती मी थोडक्यात सांगतो. १९५३ साली जीवरसायनज्ञ कोहेन हॅम्बर्गरांच्या विभागात आले. तो द्रव म्हणजे काय याचा शोध घेताना त्यांनी सापाचे विष एक साधन म्हणून वापरले, तर त्या विषातच तो पदार्थ गाठीपेक्षा कितीतरी पटीने निघाला. विष येते ते सापाच्या एका प्रकारच्या लाळग्रंथीतून, म्हणून उंदराच्या लाळग्रंथी पाहिल्या, तेथेही तो विपुल होता. ते एक प्रथिन होते. त्याला ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ हे नाव मिळाले. चेतापेशींच्या जगण्यामरण्याचा प्रश्न अशा रीतीने सूक्ष्मदर्शकाखालून निघून रेणूंच्या पातळीवर येऊन पोचला. १९५९ साली कोहेन दुसऱ्या विद्यापीठात गेले आणि त्याच लाळग्रंथींच्या अर्कातून त्यांनी त्वचेच्या वाढीस चालना देणारे दुसरे प्रथिन शोधून काढले.

या साऱ्यात हॅम्बर्गर कोठे होते? १९५४ साली त्या पदार्थाविषयी तिघांच्या नावे निबंध निघाला; त्यात त्यांचे नाव शेवटी आहे. त्यानंतर ते या कामातून बाजूला झाले. काम रसायनाचे झाले आणि ते आपले क्षेत्र नव्हे, असे त्यांचे म्हणणे. विभागप्रमुख म्हणून प्रत्येक निबंधावर आपले नाव घालावे, अशी रूढी पुष्कळ प्रयोगशाळांत होती आणि आहे. ते त्यांनी केले नाही. ते पुन्हा आपल्या अंड्यांकडे वळले आणि भ्रूण अंड्यात हालचाल कशी करू लागतो याचा अभ्यास करीत बसले. मग पंचाहत्तरीत पोचता पोचता पेशींच्या मरणाकडे परतले. कोंबडीच्या भ्रूणात, काहीही न खुडता, पायाच्या स्नायूंकडे जाणाऱ्या चेतापेशींपैकी सुमारे ४० टक्के आपोआप मरतात, हे त्यांनी १९७५ साली मोजून दाखविले. आणि १९८१ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, सहकाऱ्यांसह दाखविले की, तेच प्रथिन बाहेरून दिले तर मेरुरज्जूलगतच्या पुंजक्यांतील हे स्वाभाविक मरण पुष्कळ टळते. १९३४ मध्ये विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी स्वतःच्या हाताने ही पुरवणी जोडली.

पाच वर्षांनी पारितोषिक जाहीर झाले. हॅम्बर्गरांना वगळणे चूक आहे, असे त्या क्षेत्रातील काही शास्त्रज्ञांनी तेव्हाच छापून सांगितले. रीटाबाईंच्या नोबेल व्याख्यानाचे शीर्षक मोठे बोलके आहे: पस्तीस वर्षांनंतरचा नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. पस्तीस वर्षे मागे मोजली की आपण १९५१ पाशी येतो, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या निरीक्षणापाशी. मोजणी १९३४ पासून केली असती तर बावन्न वर्षे झाली असती. यात खोटे काहीच नाही. इतिहासाच्या पदवीधराला एवढे तरी कळते की, गोष्ट कोठून सुरू करावयाची हे ठरले म्हणजे नायक कोण हेही बहुतेक ठरून जाते.

आता मूळ प्रश्न. श्रेयाची इच्छा ही हलकी गोष्ट आहे, असे आपल्यावर लहानपणापासून बिंबविलेले असते. गीतेतील फलत्यागाचा उपदेश तर आपल्या कचेऱ्यांत एवढा लोकप्रिय आहे की, बढती नाकारलेल्या माणसाला तो दिला नाही असा दिवस जात नाही. परंतु हा उपदेश कोणाला आहे, हे पाहावयास नको काय? तो कर्म करणाऱ्याला आहे. फळाची आसक्ती कर्त्याने सोडावी. त्याचे फळ परस्पर सोडून देण्याचा अधिकार वाटप करणाऱ्याला कोठेही दिलेला नाही. हॅम्बर्गर बाजूला झाले ही त्यांची निरासक्ती. त्यांना बाजूला ठेवले हा मात्र दुसऱ्यांनी त्यांच्या वतीने केलेला त्याग होय, आणि दुसऱ्याच्या वतीने केलेल्या त्यागाला आपल्या भाषेत त्याग म्हणत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, पदक ही क्षुद्र वस्तू आहे, सत्य सापडले की पुरे. ते कोणाला सापडले याच्याशी सत्याला कर्तव्य नाही. पदकापुरते हे मला मान्य आहे. पण श्रेय म्हणजे पदक नव्हे. एखादी गोष्ट जशी घडली तशी सांगणे, एवढाच त्याचा अर्थ. ती एक साक्ष आहे. बक्षीस नाकारण्याचा अधिकार कर्त्याला आहे. ‘माझे नाव घेऊ नका’ असे तो म्हणू शकतो. परंतु साक्ष ही एकट्या त्याची मालमत्ता नाही. मागून येणाऱ्यांचाही तिच्यावर हक्क आहे, कारण त्यांना कोठे जाऊन विचारावयाचे, कोणाची चूक कोणी सुधारली, हे कळावे लागते.

रीटाबाईंवर मात्र मी दोष ठेवू शकत नाही, आणि ते केवळ दाक्षिण्यापोटी नव्हे. आत्मचरित्रात त्यांनी हॅम्बर्गरांचे चित्र आदराने रेखाटले आहे. शिवाय स्त्री शास्त्रज्ञाने आपल्या विभागप्रमुखाचे ऋण जरा मोठ्याने सांगितले की, जग तिला ताबडतोब त्यांची मदतनीस करून टाकते. याचे उदाहरण हॅम्बर्गरांच्या तारुण्यातच घडले होते. फ्रायबुर्गला त्यांच्याबरोबर हिल्डे मांगोल्ड नावाची विद्यार्थिनी होती. भ्रूणाच्या एका लहानशा तुकड्यात दुसऱ्या भ्रूणाच्या अंगावर सबंध नवी शरीररचना उभारण्याची शक्ती आहे, हे दाखविणारे नाजूक प्रयोग तिच्या हातचे. तो निबंध १९२४ साली निघाला. श्पेमान यांनी आपले नाव तिच्या नावाआधी घातले, आणि ते तिला रुचले नव्हते. त्याच वर्षी स्वयंपाकघरातील अपघातात भाजून ती वारली, वय पंचवीस. १९३५ चे नोबेल पारितोषिक एकट्या श्पेमान यांना मिळाले. मृतांना ते देत नाहीत, हे खरे. परंतु साठ वर्षांनंतर, १९८४ साली, हॅम्बर्गरांनी तिच्याविषयी एक लेख लिहिला आणि शीर्षकातच तिला त्या शोधाची सहशोधक म्हटले. स्वतःच्या गुरूविरुद्ध नव्हे. श्पेमान यांच्याविषयी त्यांना आदरच होता. घडले तसे सांगितले, इतकेच. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या बाबतीत जे घडले ते घडले. ते १०० वर्षे पुरी करून २००१ साली वारले, रीटाबाई १०३ वर्षांच्या होऊन २०१२ च्या डिसेंबरात.

हे सारे लिहिण्यामागे माझा एक स्वार्थ आहे, तो आता लपवीत नाही. काही वर्षांपूर्वी मी एक टिपण लिहिले होते. दिवंगत कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या विधवांना एकच दाखला दरवर्षी नव्याने आणावा लागे. तो एकदाच पुरावा, असे त्यात सुचविले होते. वर्षभर फिरून ते मान्य झाले, परिपत्रक निघाले, आणि वरिष्ठांचे मोठे कौतुक झाले. मी मागच्या रांगेत बसून ते ऐकले. मागाहून त्यांनी मला बोलावून फार आपुलकीने फलत्यागाविषयी दोन शब्द सांगितले. घरी येऊन मी पत्नीला म्हटले, ‘माझे नाव एका ओळीत तरी यावयास हवे होते.’ हॅम्बर्गरांची हकिकत वाचली तेव्हा मला वाटले ते हेच की, ही आपलीच गोष्ट आहे.

पुढे एका चौकशीसाठी जुनी कागदी फाईल पुन्हा उघडावी लागली. त्या हिरव्या पानांवर अकरा वर्षांपूर्वीचे, अभिलेखकक्षातील एका वयस्क सहायकाचे हिंदी टिपण आहे. अक्षर सुबक. माझ्या टिपणातील चार परिच्छेदांपैकी तीन मी त्यावरून इंग्रजीत उतरविले होते. अजिबात विसरलो होतो असे म्हणवत नाही. ‘पूर्वीच्या टिपणाच्या आधारे’ एवढे शब्द मी लिहिले होते, तारीखही दिली होती. नाव देण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ते गृहस्थ तेव्हा निवृत्तीच्या बेतात होते. फाईल त्यांनीच शोधून माझ्या हाती दिली होती, वरची धूळ आपल्या रुमालाने पुसून. चहा घेतला, आणि ‘देखिए, शायद आपसे हो जाए’ असे म्हणून ते गेले. आता ते सोनीपतकडे आपल्या गावी असतात.

या महिन्यात त्या परिपत्रकात दुरुस्ती निघावयाची आहे आणि पूर्वपीठिका लिहिण्याचे काम माझ्याकडेच आले आहे. पहिल्या परिच्छेदात मी त्यांचे नाव, हुद्दा आणि टिपणाची तारीख घातली आहे. कक्ष अधिकारी ते नाव अनावश्यक म्हणून काढतील, असा माझा अंदाज आहे. वर पाठविण्यापूर्वी सोनीपतला दूरध्वनी करून त्यांना विचारावे की विचारू नये, हे ठरत नाही. ते ‘रहने दीजिए’ म्हणतील हे मला ठाऊक आहे, आणि तसे म्हणाले तरी नाव ठेवावयाचे, हे मी वर लिहून चुकलो आहे. मसुदा चार दिवसांपासून संगणकावर तसाच आहे.